पुढची आयत

माझ्या वडिलांनी आयुष्यात एकच कादंबरी लिहिली, आणि तिच्यावर जी टीका गाजली ती मी लिहिली होती. एवढे एक वाक्य कागदावर उतरवायला मला दोन वर्षे लागली.

वडिलांना मी बावा म्हणत असे. गावात ते नजमुद्दीन मास्तर होते. बोर्ली पंचतनपासून दोन कोसांवर आमचे लहानसे बंदर आहे. तिथल्या मराठी शाळेत त्यांनी एकतीस वर्षे शिकवले. मोहल्ल्यातले मुलगे आगबोटीवर नोकरीला जाईपर्यंत आणि कोळीवाड्यातले मुलगे मचव्यावर जाईपर्यंत, जेवढे पदरात पडेल तेवढे त्यांच्याकडे शिकत. मला त्यांनी घरी शिकवले. मराठी, उर्दू, थोडी फारसी, आणि कुराणशरीफ अर्थासकट. अर्थासकट शिकवणारे मोहल्ल्यात तेव्हा दुसरे कोणी नव्हते. ओटीवर बसून मी आयत म्हणायची, मग तिचा मराठी अर्थ सांगायची. अर्थ चुकला तर बावा पुढच्या आयतीला हात लावू देत नसत.

नोकरी संपल्यावर त्यांनी ‘दर्याचा मुसाफिर’ लिहिली. आधी ती एका मासिकात क्रमाने आली, मग १९३१ साली पुस्तक निघाले. कादंबरी आमच्या बंदरावरच्या पीरसाहेबांची होती. ती एवढी का खपली हे मला तेव्हा कळले नाही. अलिबागच्या वाचनालयातली प्रत सहा महिन्यांत फाटली म्हणे, आणि पनवेलहून एका वकिलाच्या बायकोने बावांना पत्र पाठवले होते की शेवटचे प्रकरण वाचताना भात करपला.

पीरसाहेबांच्या दर्ग्यावर एक जुनी रीत आहे. उरसाच्या दिवशी दुपारी, चंदनाच्या लेपाची मिरवणूक, म्हणजे संदल, निघण्याच्या आधी, कोळीवाड्यातल्या एका ठरावीक घरातली वडीलधारी बाई मडक्यातून तांदळाची पेज घेऊन येते. दर्ग्याचा सेवेकरी मुजावर उंबऱ्यावर येतो, ओंजळीत पेज घेतो, बिस्मिल्ला म्हणून पितो. मगच संदलचे तबक उचलायचे. हे का, ते कोणी विचारत नसे. माझ्या लहानपणी ते मडके मैनाबायच्या सासूच्या डोक्यावर असे, नंतर मैनाबायच्या.

का, ते बावांना ठाऊक होते. त्यांच्या आजीने त्यांना सांगितले होते. पीरसाहेब फुटक्या गलबतातून वाहत आले ते रमजानचे दिवस होते. वाळूत पडलेल्या त्या माणसाला एका कोळणीने पेज आणून दिली, आणि त्याने ती भर दुपारी प्याली. बावांनी सातव्या प्रकरणात हे लिहिले. त्यातली दोन वाक्ये मला पाठ आहेत: ‘आपला रोजा आहे एवढे सांगण्याचे बळ त्याच्या अंगात होते. परंतु बाईच्या मागे उभी असलेली तिची दोन मुले मडक्याकडे पाहत होती, ते त्याला दिसले.’

पुस्तकातले याहून चांगले प्रकरण दुसरे नाही. आज मला ते कळते.

मी तेव्हा मुंबईला, डोंगरीत, सासरी होते. माझे यजमान मोहम्मद गोदीत कारकून, आणि धाकटे दोन दीर कॉलेजात. घरात वर्तमानपत्रे येत, वाद होत, पुस्तकांची कपाटे होती. मी ती सगळी वाचली आणि त्या घरात माझी मान वर राहिली ती त्यामुळेच. एक दिवस जेवताना धाकटा दीर म्हणाला, “भाभी, तुमच्या बावांचा पीर भर रमजानात कोळणीच्या हातची पेज पितो?”

“कादंबरी आहे ती,” मी म्हटले.

“मग मिटक्या मारतो की नाही, ते पण लिहायचं होतं!”

सगळे हसले. मीही हसले. माझ्या ताटातला हात थांबला नाही, हे मला स्पष्ट आठवते.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे बाहेर असताना मी एका मराठी साप्ताहिकाला पत्र लिहिले. खाली सही केली, ‘एक मुसलमान वाचक’. ऐतिहासिक आणि धार्मिक कादंबऱ्या लिहिणाऱ्यांनी सत्याची चाड बाळगावी, असा त्याचा सूर होता. मी पाच चुका दाखवल्या. चार खऱ्या होत्या. रमजानच्या विसाव्या चांदाला बावांनी आकाशात पुरता गोल चंद्र काढला होता. एका किल्ल्याच्या वेढ्याचे साल अकरा वर्षांनी चुकले होते. एका सुलतानाला त्याच्या मुलाचे नाव दिले होते. आणि फिरंगी लोक या किनाऱ्याला लागण्याच्या शंभर वर्षे आधी त्यांनी गलबतावर बटाट्याची पोती चढवली होती.

पाचवी चूक मी सर्वांत शेवटी आणि सर्वांत लांब लिहिली. एवढ्या थोर वलीने रोजा मोडला असे दाखवणे ही केवळ चूक नसून बेअदबी आहे, असे मी म्हटले. आधार म्हणून आयत दिली, मराठी अर्थासह: ‘रोजे तुमच्यावर फर्ज केले आहेत, जसे तुमच्या आधीच्यांवर केले होते.’ आणि तिथे थांबले.

पुढची आयत मला ठाऊक होती. ओटीवर बसून दोन्ही मी एका दमात म्हणत असे. पुढची आयत लिहिली असती तर माझा पाचवा मुद्दा उभाच राहिला नसता. हे मला लिहिताना कळत होते. मी दौतीत टाक बुडवला, आणि सही केली.

बावांच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला होता. आगबोटी पावसासाठी बंद व्हायच्या आत मी त्यांच्याकडे राहायला आले. आई जहुरा जाऊन सात वर्षे झाली होती, त्यांना बघायला कोणी नव्हते, म्हणून मग राहिलेच. साप्ताहिक टपालाने म्हसळ्यावरून येई, आठ-दहा दिवस उशिरा. एका सकाळी ते आले. बावांना वाचता येत नव्हते, तेव्हा रोजच्यासारखे मला म्हणाले, “वाच.”

मी चाळून पाहिले. पत्र तिसऱ्या पानावर, चौकटीत होते. टाळता आले असते. पण शेजारचा कोणी येऊन सांगेलच, या भीतीने मी वाचले. माझे पत्र, माझ्या तोंडाने, माझ्या बापाला.

ते आरामखुर्चीत डोळे मिटून ऐकत होते. बटाट्याशी आल्यावर हसले. “खरं आहे गं. बटाटा कुठून आणला मी? लिहिताना भूक लागली असेल.” चंद्राच्या चुकीला ते ओशाळले. “इतकी वर्षं पोरांना भूगोल शिकवला, आणि हे!” पाचवा मुद्दा आला तेव्हा त्यांनी हात वर केला.

“ते परत वाच.”

मी परत वाचले.

“लिहिणारा शिकलेला आहे,” ते म्हणाले. “भाषा बघ किती साफ आहे. पण आयत अर्ध्यावर का सोडली त्याने?” मग म्हणाले, “पाठ नसेल. होतं असं. कागद घे, बानू.”

त्यांनी उत्तर सांगितले आणि मी लिहून घेतले. ते असे होते:

‘माझ्या विद्वान बंधूस सलाम. आपण दाखवलेल्या पाच चुकांपैकी चार मला मान्य आहेत. दुसरी आवृत्ती निघाल्यास सुधारीन. पाचवीबाबत नम्र विनंती की, आपण दिलेल्या आयतीच्या लगेच पुढची पाहावी. तुमच्यापैकी कोणी आजारी असेल किंवा प्रवासात असेल, तर त्याने तेवढे दिवस मागाहून भरून काढावेत, असे तिथे म्हटले आहे. गलबत फुटून किनाऱ्याला लागलेला माणूस आजारीही होता आणि प्रवासीही. पीरसाहेबांनी तो दिवस मागाहून भरून काढला असेल. तसे लिहायचे माझ्याकडून राहिले, ही माझी खरी पाचवी चूक. ही गोष्ट मी इतिहास म्हणून सांगितलेली नाही. आजीने सांगितली तशी सांगितली.’

“जास्त कडक नाही ना झालं?” त्यांनी विचारले.

“नाही,” मी म्हटले.

“मग आजच टाकून ये.”

मी पाकीट घेऊन निघाले, टपालपेटीपर्यंत गेले, आणि परत आले. पाकीट माझ्या पेटीत, लुगड्यांच्या तळाशी ठेवले. का, याची मी स्वतःला वेगवेगळी उत्तरे देऊ शकले असते. खरे उत्तर लहान आहे. मुंबईहून यजमानांचे पत्र आले होते. त्यात होते की दिरांना साप्ताहिकातले ते पत्र फार आवडले, लिहिणारा कोणी मोठा आलिम, धर्माचा पंडित असावा, असे ते सगळ्यांना सांगत फिरतात. मला आलिम म्हटले होते. आयुष्यात पहिल्यांदाच, आणि तेही मला न ओळखता.

त्यानंतर साप्ताहिक आले की बावा विचारत, “आलं का गं?”

“नाही.”

चार-पाच अंकांनंतर विचारणे कमी झाले. एकदा ते आपले आपणच म्हणाले, “माझं मराठी जुनं झालं असेल. संपादक नवीन पोरगा असेल.”

त्या वर्षीचा उरस कार्तिकात आला. त्याच्या आधी आठ दिवस मुंबईत राहणाऱ्या गावकऱ्यांच्या जमातीने मुजावर करमअली यांना पत्र पाठवले. सोबत माझ्या पत्राचे कात्रण जोडले होते. पीरसाहेबांच्या रोज्याविषयी छापून चर्चा झाली आहे, गावाची नाचक्की होते आहे, तरी पेजेचा प्रकार यंदापासून बंद करावा.

उरसाच्या दिवशी मी बावांच्या सोबत दर्ग्यावर गेले होते. मैनाबाय नेहमीच्या वेळेला आली. डोक्यावर मडके, मडक्यावर केळीचे पान. करमअलीचाचा उंबऱ्यावर आले, पण ओंजळ पुढे केली नाही.

“मैना, यंदा नको. मुंबईहून लिहून आलंय.”

“काय लिवून आलंय?”

“पेज नको म्हणून.”

“पेजंनी काय केलंय मुंबयच्या लोकांचं?” मैनाबाय म्हणाली. कोणीतरी हसले. ती हसली नाही. “माज्या सासूच्या सासूपासून हाय ह्ये. दारातनं परत जाऊ?”

तिने इकडेतिकडे पाहिले आणि तिला बावा दिसले.

“मास्तर, तुमी लिवलंत म्हनून झालं ना ह्ये? न लिवता चाललं व्हतं. कोन इचारीत व्हतं? तुमी लिवलंत, आनि सगल्यांनी इचारलं.”

“चूक झाली, मैनाबाय,” बावा म्हणाले. दिसत नसल्यामुळे ते तिच्या थोडे डावीकडे पाहून बोलत होते. “माझी चूक झाली.”

मी त्यांच्या कोपराला धरून उभी होते. तोंड उघडले असते तर तिथेच संपले असते. मैनाबाय मडके तसेच डोक्यावर घेऊन उतरली. तिची पाठ कोळीवाड्याच्या वळणाशी दिसेनाशी होईपर्यंत संदलचे तबक कोणी उचलले नाही. मग उचलले.

पुढच्या उरसाला ती आलीच नाही. त्या दिवशी दुपारी बावा काठी घेऊन एकटे बाहेर पडले होते. पुळणीवर फेरी मारून येतो म्हणाले, आणि तासाभराने आले. असे ते आदल्या वर्षीही, दर्ग्यावरून आल्यावर, गेले होते. मी विचारले नाही. ज्यांना तोंड दाखवायची आपल्याला लाज वाटते त्यांना, कुठे गेला होतात, असे विचारवत नाही.

१९३४ च्या भाद्रपदात बावा गेले. तीन दिवस ताप होता. शेवटच्या दिवशी शुद्धीत असताना त्यांनी दुसऱ्या आवृत्तीबद्दल काही सांगितले. बटाट्याच्या जागी सुरण घालायचा, असे. साप्ताहिकाचे नाव घेतले नाही. मी पेटीतले पाकीट काढून त्यांच्यासमोर ठेवीन असे त्या तीन दिवसांत किती वेळा ठरवले. पाणी पाजत राहिले, कपाळावर घडी ठेवत राहिले, आणि बोलले नाही.

चाळिसाव्याच्या दुसऱ्या दिवशी मैनाबाय आली. ओटीच्या पायरीवर बसली, पदराने डोळे पुसले.

“आंधला म्हातारा,” ती म्हणाली. “काटी टेकीत टेकीत यायचा. म्या म्हनायची, मास्तर, खड्ड्यात पडशाल. आयकतो कुठं!”

“कुठे यायचे?”

तिने माझ्याकडे नवलाने पाहिले. “आमच्या दारी. उरसाच्या दिशी. तुला सांगितलं न्हाय? दर्ग्यावरनं परत धाडलीत ना पेज, त्या दिशी मागनं आलं. म्हनलं, मैनाबाय, मी मुजावर न्हाय, पन मला वाढ. पायरीवर बसून ओंजलीनं प्यालं. दुसऱ्या सालीबी आलं. म्या त्यांना किती बोलले व्हते, बाय, सगल्यांच्या म्होरं. एका सबदानं उलटून बोललं न्हाय.”

ती गेल्यावर मी पेटी उघडली.

उरसाला नऊ दिवस होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी करमअलीचाचांकडे गेले. ते दर्ग्यामागच्या खोलीत जाळीच्या खिडकीशी बसून तसबी ओढत होते. त्यांना मराठी अक्षर वाचता येत नाही. मी म्हटले, बावांनी उत्तर लिहिले होते, ते वाचून दाखवते. पुढच्या आयतीशी मी आले तेव्हा ते माझ्याबरोबर ती अरबीत म्हणू लागले. पुरी म्हटली.

मी वाचायची थांबले. “चाचा, तुम्हाला ही येत होती?”

“लहानपणापासून.”

“मग त्या वेळी बोलला का नाही?”

ते मणी फिरवत राहिले. “छापलेलं होतं ना, बेटी. मला वाटलं, आपण गावंढळ, एवढं छापणाऱ्याला आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असेल. आयतीचा आणखी काही अर्थ असेल, जो आपल्याला कोणी शिकवला नाही.” मग म्हणाले, “मास्तरांचं हे का नाही छापलं त्यांनी?”

“मी टाकलंच नाही.”

“का?”

“कारण ते पहिलं पत्र माझं होतं.”

त्यांच्या हातातली तसबी थांबली. मला वाटले होते ते ओरडतील. ओरडले असते तर सोपे गेले असते.

“मास्तरांना कळलं होतं?”

“मी सांगितलं नाही.”

“ते मी नाही विचारलं,” ते म्हणाले. पण याचे उत्तर माझ्याकडे नव्हते आणि आजही नाही. ‘पाठ नसेल, होतं असं,’ असे बावा ज्या आवाजात म्हणाले तो मी पुष्कळदा आठवून पाहिला आहे.

शेवटी चाचा उठले. “मुंबईवाल्यांना मी सांगेन. आयत माझ्या तोंडात होती, गप्प मी बसलो, तो गुन्हा माझा. दार मी उघडीन. पण मैनाला तू सांग. मी तिला परत पाठवली ती तुझ्या कागदावरून.”

मैनाबाय अंगणात बोंबील वाळत घालत होती. मी उभ्या उभ्याच सांगितले. कागद, सही, आयत यातले तिला काही समजावून सांगावे लागले नाही. तिने एकच विचारले.

“मंग म्या मास्तरला का बोल लावला?”

“चुकीचा लावलात.”

“आनि तू कोपर धरून उभी व्हतीस.”

“हो.”

तिने एक बोंबील दोरीवर टाकला, मग दुसरा. “आता त्याची माफी मागायला त्यो तरी कुठं ऱ्हायलाय,” ती म्हणाली. “दोन वरसं मी त्याच्या म्होरं तोंड वाकडं करून पेज वाढली. त्यो प्याला. तू मला त्याच्यापुढं खोटी पाडलीस, बाय.” मग माझ्याकडे पाठ केली. “जा आता. हात रिकामं न्हायत माजं.”

त्याच आठवड्यात मी बावांचे उत्तर आणि माझा कबुलीजबाब असे दोन्ही साप्ताहिकाला पाठवले, स्वतःच्या नावाने. संपादकांचे कार्ड आले: सदर वाद दोन वर्षांपूर्वी संपला असून त्यावरील पत्रव्यवहार बंद करण्यात आला आहे. म्हणून हे इथे लिहिते आहे. चार चुका बावांच्या होत्या. पाचवी माझी.

उरसाच्या दिवशी मी दर्ग्यावर बायकांच्या बाजूला उभी राहिले. मुंबईहून आलेल्या दोघा-तिघांनी तोंडे फिरवली होती. करमअलीचाचांनी त्यांना काय सांगितले ते मला ठाऊक नाही. ऊन डोक्यावर आले. तबक तयार होते. चाचा उंबऱ्यावर येऊन उभे राहिले आणि तसेच उभे राहिले. लोक कुजबुजू लागले. मैनाबाय येणार नाही असे मला वाटत होते, आणि तिने का यावे, असेही वाटत होते.

ती आली. मडके डोक्यावर, वर केळीचे पान. माझ्यापासून हातभर अंतरावरून गेली, माझ्याकडे पाहिले नाही. चाचांनी ओंजळ केली. पेज बोटांतून त्यांच्या दाढीवर ओघळली. त्यांनी ती पुसली नाही.

गर्दी संदलामागे गेली तेव्हा मी कोळीवाड्याच्या वाटेला लागले आणि तिच्या पायरीवर जाऊन बसले, जिथे बावा बसत. ती थोड्या वेळाने आली. मला पाहून थबकली. मडके डोक्यावरून उतरवले आणि माझ्यासमोर तिरपे केले. तळाशी दोन-चार शिते चिकटली होती.

“संपली,” ती म्हणाली.

मी उठले.

“पुढल्या साली ये,” ती दारातून म्हणाली. “उरली तर बगू.”